आडवं ठेवलेलं आसन

अहविआ, कुमासीजवळ
१४ मार्च १९९४

नादेई लॅम्प्टी यांस,

‘नदीपलीकडचं घर’ या नाटकासाठी मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा:

बसायचं लाकडी आसन, बायकांच्या नक्षीचं, अखंड ओंडक्यातून कोरलेलं, एक. मोडण्यासाठी केलेली खोटी आसनं, अकरा. गावप्रमुखाच्या प्रवक्त्याची काठी, वर कोंबडा आणि पिल्लू, एक. होडी, अर्धी, उरलेली अर्धी प्रेक्षकांना दिसत नाही म्हणून केली नाही. कागदाच्या लगद्याची मडकी, नऊ; दहा फुटांवरून मातीची वाटतात, पाच फुटांवरूनही वाटतात. भोपळ्याचे पेले, सहा. नायिकेची, म्हणजे आफ्रियेची, नऊ पदरी माळ, मणी विकतचे, ओवणं माझं. ही यादीतून वजा धरावी. १९६८ साली आफ्रियेचं काम करणारी मुलगी शेवटच्या प्रयोगानंतर कुणाला न सांगता निघून गेली, ती माळ गळ्यात घालूनच. अशी माणसं कंपनीत नसावीत.

तुमच्या पत्रात मला ‘परंपरागत कारागीर’ म्हटलं आहे. ते कार्यक्रमपत्रिकेत छापू नका. अहविआत कोरणाऱ्यांची घराणी आहेत, मी त्यांतला नाही. माझे मामा कच्ची केळी विकायचे. मला कुणी वाकस हातात धरायला शिकवलं नाही. कुंपणापलीकडून बघत शिकलो आणि पहिली चार वर्षं बिघडवलेलं लाकूड जाळून त्यावर सूप शिजवलं. ‘स्वतः शिकलेला’ असं छापा.

दोन दिग्दर्शकांविषयी विचारलंत. मी दोघांच्या हाताखाली काम केलं. नाटक तेच, शब्द तेच. टीचर ड्वोमोंचं म्हणणं होतं की आफ्रिये आणि असारे ही न ऐकणारी पोरं. दोन गावांचं जमिनीवरून वैर, मुलाकडच्यांनी लग्नाच्या मागणीची दारूची बाटली दाराशी नेली, ती परत आली, विषय संपला. तरी ही दोघं पूर आलेल्या नदीत होडी घालतात आणि बुडतात, ही शिक्षा. ड्वोमोंनी दोघांना कायम तीन पावलं लांब उभं केलं. पावलं मी खडूनं आखायचो.

१९७९ साली अबंक्वासाहेब परदेशातून शिकून आले. त्यांच्या मते ही पोरं म्हणजे बंड. दोघं ओरडत बोलायची. असारे वडीलधाऱ्यांच्या हातचा पेला डाव्या हातानं घ्यायचा, आणि शेवटी आफ्रियेचं आसन रोज फोडलं जायचं. प्रेक्षकांना बंड दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की या पोराला आईनं वळण लावलेलं नाही. पहिल्याच दिवशी एक बाई उठून म्हणाली, “डाव्या हातानं घेतो? बुडू दे मग!” अकराव्या प्रयोगानंतर नाटक बंद पडलं. म्हणून खोटी आसनं अकरा.

खरं आसन माझ्याकडे आहे. ते उसनं मिळणार नाही.

क्वाबेना न्यामेचे


अक्रा
२ एप्रिल १९९४

आदरणीय श्री. न्यामेचे,

‘स्वतः शिकलेला’ असंच छापेन. मडकी पाच फुटांवरूनही मातीची वाटतात हेही छापू का? (रागावू नका. आमच्याकडच्या कारागिराची मडकी पन्नास फुटांवरूनही मडकी वाटत नाहीत.)

मी चोवीस वर्षांची आहे आणि हे माझं पहिलं मोठं नाटक. नाटक मंडळाची दोन माणसं माझ्या पाठीशी आहेत आणि पाच माझ्या चुकीची वाट बघतायत. मला ही पोरं शिक्षेसाठी नकोत आणि बंडासाठीही नकोत. सतरा वर्षांची दोन घाबरलेली मुलं, मनातलं नीट बोलता न येणारी, एवढीच हवीत. एकमेकांशी बोलताना ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतात: पाणी, होडी, बकरी. खरं काय म्हणायचंय ते समोरच्यानं ओळखावं. आणि तो ओळखत नाही. मला वाटतं ती नदीत बुडायच्या आधीच तिथे बुडतात.

शेवटच्या प्रवेशाचं मात्र मला कळत नाही. संहितेत एकच ओळ आहे: ‘आई अंगणात येते. मुलीचं आसन बघते.’ बस. आसन कसं असतं, ते लिहिलेलं नाही. ड्वोमोंच्या वेळी ते कसं ठेवलं होतं? शेवटच्या प्रयोगाला त्यावरून काही वाद झाला होता असं मी ऐकलंय. तुम्ही तिथे होतात का?

आणि आसनाचा पुन्हा एकदा विचार करा ना. मी स्वतः न्यायला येईन, मांडीवर घेऊन आणीन.

तुमची,
नादेई लॅम्प्टी


अहविआ
१९ एप्रिल १९९४

नादेई लॅम्प्टी यांस,

मी तिथे नव्हतो तर आसन कुणी ठेवलं असतं?

तुम्ही अक्रात वाढलेल्या दिसता, म्हणून लिहितो. आमच्याकडे माणूस आसनावरून उठला की ते आडवं करून भिंतीला टेकवतो. रिकामं आसन सरळ राहिलं तर त्यावर कुणीही येऊन बसेल, दिसणारं किंवा न दिसणारं. आडवं म्हणजे मालक बाहेर गेलाय, जागा राखलेली आहे. सरळ म्हणजे जागा मोकळी. ड्वोमोंनी शेवटी आसन सरळ ठेवायला सांगितलं होतं. आई येते, बघते, आणि त्यावर बसते. म्हणजे मुलगी संपली. निर्दय होतं, पण साफ होतं.

वाद म्हणावं असं काही झालं नाही. शेवटच्या प्रयोगाला नदीच्या प्रवेशाआधी ती मुलगी विंगेत माझ्याजवळ आली. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण मला सगळं तसंच आठवतं. ती म्हणाली, “क्वाबेना, आज मी गेले की माझं आसन आडवं ठेवशील?” मी म्हटलं, “टीचरांनी सरळ सांगितलंय.” ती म्हणाली, “टीचरांना नाही विचारत. तुला विचारतेय.” मी म्हटलं, “अठरा प्रयोग सरळ ठेवलंय, एकोणिसावाही सरळ. मी खुणा बदलत नाही.” नदीच्या प्रवेशावर पडदा पडला, अंगण लावलं, आसन खुणेवर सरळ ठेवलं. एक बोटभरही इकडेतिकडे नाही.

तिला शेवट मवाळ करायचा होता. नट्यांना असं काहीतरी सुचतं. दिग्दर्शकाचं ऐकणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं.

आसन मिळणार नाही.

क्वाबेना न्यामेचे


अक्रा
११ मे १९९४

प्रिय मामा,

मामा म्हणते, कारण तुम्ही माझ्या आईच्या गावचे, तिच्याच वयाचे. आईच्या गावचा माणूस मामाच.

सोबतच्या डब्यात नऊ पदरी माळ आहे. चौथ्या पदरातले दोन मणी फुटलेत, ते मी लहानपणी फोडले. यादीत आता वजा धरू नका. ती मुलगी, अमा सेरवा, माझी आई.

आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही तिच्याबद्दल गोडगोड लिहिलं असतं आणि मला काही कळलं नसतं. ‘अशी माणसं कंपनीत नसावीत’ हे मात्र मी तिला वाचून दाखवलं नाही.

आई आजारी आहे. पोटाचं दुखणं आहे, डॉक्टर आता नीटसं काही सांगत नाहीत. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली. ते किनाऱ्यावरचे, गा लोकांतले. आसनांचं, आडव्या-सरळचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी लग्नात आईला शिवणयंत्र दिलं. चांगला माणूस होता. आई नाटकाबद्दल कधी बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, “मी आयुष्यात एका माणसाकडे एकच गोष्ट मागितली, आणि तो मापं घेत राहिला.” मला वाटलं, ड्वोमो.

तुमचं १९ एप्रिलचं पत्र परवा तिला वाचून दाखवलं. ‘नट्यांना असं काहीतरी सुचतं’ इथे तिनं मला थांबवलं. मग म्हणाली, “मी नाटकाबद्दल कुठे विचारत होते?”

मी म्हटलं, मग कशाबद्दल? तर भिंतीकडे तोंड करून झोपली.

मामा, तिला काय म्हणायचं होतं?

नादेई


अक्रा
२० जून १९९४

प्रिय मामा,

सहा आठवडे झाले. माळ मिळाली का, एवढं तरी कळवा. माझं काही चुकलं असेल तर मोठेपणानं रागवा, पण गप्प राहू नका. आई रोज विचारत नाही, पण पोस्टमन गेला की दाराकडे बघते.

तालमी सुरू झाल्या. शेवटचा प्रवेश अजून बसवलेला नाही.

नादेई


अहविआ
३ जुलै १९९४

नादेई,

माळ मिळाली. फुटलेले दोन मणी बदलले. निळ्याची ती छटा आता मिळत नाही. दोन बाजार पालथे घातले तेव्हा बोन्वीरेच्या एका म्हातारीकडे मिळाली. सोबत परत पाठवतो आहे. ती तुझ्या आईची आहे.

मला मामा म्हणू नकोस. मामा म्हणजे तुझ्या आईचा भाऊ. मी तिचा भाऊ नव्हतो, कधी व्हायचंही नव्हतं. का, ते आता लिहितो. हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

१९६८ साली मी बावीस वर्षांचा होतो. रंगमंचावर लागणारं आसन फळ्यांचं जोडलं असतं तरी चाललं असतं, ड्वोमोंनी तसंच सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, फळ्यांचं पोकळ वाजतं. ते खोटं होतं. मी अखंड झाडाचं केलं. झाड पाडताना रीतीप्रमाणे अंडं आणि दारू ठेवली. चार महिने कोरलं. उंची एक वीत चार बोटं. कंपनीतल्या सगळ्या बायकांच्या गुडघ्याचं माप घेतलं, कारण एकटीचं घेतलं असतं तर दिसलं असतं. पण केलं एकटीच्या मापानं. बैठकीच्या खालच्या अंगाला, जिथे फक्त धुणाऱ्या बाईचा हात जातो, तिथे सात रेघा आहेत. सेरवा शनिवारी जन्मलेली. आठवड्याचा सातवा दिवस.

आमच्याकडे पुरुष लग्नाच्या बाईला आसन देतो. तुझ्या वडिलांनी यंत्र दिलं, तसं. तिच्या दारी बाटली घेऊन जायला माझ्याकडे ना घराणं होतं, ना धंदा, ना बोलायला पुढे होणारे वडीलधारे. म्हणून मी ते आसन रंगमंचावर ठेवलं. वाटलं, अठरा-एकोणीस प्रयोग ती त्यावर बसेल, एवढं पुरे. तिनं पहिल्याच तालमीत बैठकीखालून हात फिरवला आणि रेघा मोजल्या. माझ्याकडे बघितलं. मी खडू शोधत होतो.

मागच्या पत्रात लिहिलं की तिला शेवट मवाळ करायचा होता. सव्वीस वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं. आज खरं लिहितो: त्या विंगेत मला थोडं कळलं होतं. जेवढं कळलं तेवढ्याचीच भीती वाटली. टीचरांचा हुकूम समोर होता, त्यामागे उभं राहता येत होतं. मी उभा राहिलो.

पडदा पडल्यावर सामान आवरताना मी ते आसन उचललं आणि भिंतीला आडवं टेकवलं. सवयीनं. कुणीही ठेवतं तसं. तोवर ती लॉरीच्या अड्ड्यावर पोचली होती. म्हणजे तिनं मागितलं ते मी केलं, फक्त पाचएक मिनिटं उशिरा.

पुढे लग्न केलं. माझ्या बायकोला तिचं आसन दिलं, चांगलं दिलं. ती गेली तेव्हा ते तिच्या माणसांनी नेलं. हे मात्र माझ्याकडेच राहिलं. दर शनिवारी वाळू आणि लिंबानं घासतो. सव्वीस वर्षांत त्यावर कुणी बसलेलं नाही. ते आडवं आहे.

तुझ्या आईला यातलं वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. तू तिची मुलगी आहेस.

क्वाबेना न्यामेचे


अक्रा
२९ ऑगस्ट १९९४

पापा न्यामेचे,

आता मामा म्हणणार नाही. आमच्या शेजारची मुलं मोठ्या माणसाला पापा म्हणतात, ते तुम्हाला चालेल का?

तुमचं पत्र मी आईला दुपारी वाचून दाखवलं. सगळं. कंपनीतल्या सगळ्या बायकांचे गुडघे मोजल्याचं आलं तेव्हा ती इतकी हसली की मला तिला धरावं लागलं. “परत वाच,” म्हणाली, “तो गुडघ्यांचा भाग परत वाच. बिचारी जाडी याआ! तिला वाटलं याचं तिच्यावर मन आहे. महिनाभर याला कोळंबी आणून देत होती.” मग मी पुढचं वाचलं. त्यावर ती हसली नाही.

ती म्हणाली, त्या दिवशी ती विंगेमागे थांबली होती. नदीत बुडालेली आफ्रिये, ओल्या कपड्यांत. आसन सरळ दिसलं. त्यावर आईचं काम करणारी बाई बसली. ती म्हणाली, “मला वाटलं, उत्तर मिळालं. चूक त्याची एकट्याची नाही. मीही विचारलं ते नाटकाच्या आडून. सरळ विचारलं असतं तर त्याला सरळ उत्तर द्यावं लागलं असतं, त्याला वाकडं बोलता कुठे येतं?”

संध्याकाळी तिनं माळ गळ्यात घालायला मागितली. नवे दोन मणी बोटांनी शोधत बसली, तिला सापडले नाहीत. हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते.

गुरुवारी, १८ तारखेला सकाळी आई गेली. आदल्या दिवशी तिनं एक निरोप दिला, तिच्याच शब्दांत: “त्याला विचार, धूळ बसू देत नाही ना?”

माळ तिच्याबरोबर दिली. यादीतून वजा धरा.

नाटक १२ नोव्हेंबरला, दुपारी चारला. मंडळाचे लोक म्हणतायत, पुढे ढकल. मी नाही म्हटलं. पण शेवट मला अजून माहीत नाही. आई होती तेव्हा वाटायचं, आडवं. आता वाटतं, कुणासाठी आडवं? येणारं कोण उरलंय? तालमीत आम्ही ते सरळ ठेवून बघितलं. आईचं काम करणारी मुलगी बसली आणि मी तालीम सोडून बाहेर गेले.

आसन आणाल का? आणि ते कसं ठेवायचं, ते तुम्हीच ठरवाल का? मी दिग्दर्शक आहे, हे मी विचारायला नको. तरी विचारते.

तुमची,
नादेई


अहविआ
५ डिसेंबर १९९४

नादेई,

पापा चालेल.

वाळवंटाकडून येणारा हरमाटान वारा सुरू झाला. हवा कोरडी होऊन लाकडं तडकतात, म्हणून आसनाला परवा शिया तेल लावलं. तडा नाही. धूळही नाही. हे जिला सांगायचं तिला सांगून झालं: अक्राहून परत येताना तिच्या थडग्यापाशी थांबलो होतो. तुला बोललो नव्हतो.

१२ तारखेचं लिहितो, कारण तू मागे दिव्यांपाशी होतीस आणि तुला रंगमंच दिसत होता, माणसं दिसत नव्हती. तुझी दोघं चांगली होती. मुलाचं पाऊल दोनदा खुणेच्या बाहेर पडलं, तेवढं बघ. होडीपाशी ती त्याला म्हणते, “पाणी थंड असेल,” आणि तो म्हणतो, “मग उद्या जाऊ,” तेव्हा माझ्या शेजारचा टॅक्सीवाला स्वतःशीच बोलला, “अरे गाढवा, ती पाण्याचं नाही बोलत.” ते मलाच म्हटल्यासारखं वाटलं. त्याच्याकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही, मी समोरच बघत राहिलो.

तू म्हणाली होतीस, आसन दिवे घालवून, अंधारात ठेवा. मी तुझं ऐकलं नाही. आयुष्यात दिग्दर्शकाचं न ऐकण्याची ही माझी पहिली वेळ. रागावायचं असेल तर रागाव. होडी बुडाल्यावर मी जागेवरून उठून विंगेत आलो आणि दिवे असतानाच अंगावरचं वस्त्र सावरून चालत गेलो. सात पावलं. आसन अंगणात सरळ होतं. दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीला आडवं टेकवलं, बैठकीचं तोंड भिंतीकडे. सात रेघा प्रेक्षकांच्या बाजूला आल्या. एवढ्या लांबून कुणाला दिसल्या नसतील.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “राखलं!” मागून आणखी दोघीतिघी म्हणाल्या, “राखलं.” मग आईचं काम करणारी तुझी ती मुलगी आत आली, आसन बघितलं आणि बसली नाही. शेजारी जमिनीवर बसली. ते तू सांगितलं होतंस की तिचं तिलाच सुचलं, ते मला माहीत नाही. तू विचारलं होतंस, येणारं कोण उरलंय. कुणी येणार म्हणून राखायचं नसतं. ती उठून गेली, एवढ्यासाठी राखायचं असतं. हे मला त्या मुलीकडे बघून कळलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही कुणी न शिकवता.

ड्वोमो, अबंक्वा आणि तू. तिघांनी तीच पोरं घेतली आणि तीन वेगळी नाटकं केली. तुझ्या नाटकातली मला ओळखू आली. एवढंच म्हणतो.

आता एक काम. समुद्राकाठच्या नव्या हॉटेलवाल्यांचा माणूस प्रयोगानंतर आत आला होता. त्याला ते आसन दर्शनी दालनात ठेवायचं आहे, काचेत, खाली माझ्या नावाची पाटी लावून. तुझ्याकडे तो पुन्हा येईल. मी त्याला जे सांगितलं तेच तूही सांग. मी म्हटलं, ते माझं नाही, मी नुसतं घासतो. तो म्हणाला, मग मालकाशी बोलू. मी म्हटलं, मालकीण बाहेर गेली आहे. तो म्हणाला, कधी येणार? मी म्हटलं, तोवर ते आडवंच राहील, आणि काचेत तुम्ही ते सरळ ठेवाल. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. त्यानं कागदावर आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला. मी तो नीट वाचला, घडी केली आणि त्याच्या हातात परत दिला, उजव्या हातानं. बारा लाख सेडी.

क्वाबेना न्यामेचे